पाच छर्ऱ्यांचं कार्ड आणि बदललेली नळी

साताऱ्याच्या एका पालकांनी विचारलंय ते थोडक्यात असं. मुलगी तेरा वर्षांची, वर्षभर क्लबच्या रायफलीवर 10 मीटर एअर रायफल खेळतेय, दर छर्ऱ्याला सरासरी साडेनऊ गुणांच्या आसपास. आता स्वतःची रायफल घ्यायची म्हणून एक जुनी जर्मन मॅच रायफल बघितली आहे, नव्याच्या निम्म्याहून कमी किमतीत. मूळ नळी खराब झाली म्हणून दोन वर्षांपूर्वी इथल्याच एका वर्कशॉपकडून स्वस्तातली नवी नळी करून बसवलीय, आणि ती ‘ओरिजिनलपेक्षा भारी मारते’ असं विकणारा सांगतो. पुरावा म्हणून त्याने पाच छर्ऱ्यांच्या कार्डाचा फोटो पाठवलाय, पाचही एकाच भोकात. शिवाय खोक्यात कंपनीचं टेस्ट कार्डही आहे. यावरून नळी चांगली समजायची का?

कंपनीचं कार्ड आधी बाजूला ठेवा. कारखान्यात रायफल क्लॅम्पमध्ये धरून मारलेलं ते कार्ड, त्यावर रायफलीचा नंबर असतो, सगळं खरं. पण ते मारलं जुन्या नळीने. पत्रिकेत नाव एकाचं आणि बोहल्यावर उभा दुसराच, तसला हा प्रकार आहे. नळी बदलली त्या दिवशी ते कार्ड रद्दी झालं.

पाच छर्ऱ्यांचं कार्ड मात्र जास्त फसवं, कारण ते खोटं असेलच असं नाही. विकणाऱ्याने खरोखर पाच मारले असतील आणि खरोखर एकच भोक पडलं असेल. विचारायचं ते असं, की असं कार्ड मिळेपर्यंत किती कार्डं झाली? एकाच नळीने, त्याच छर्ऱ्यांनी पाच-पाचचे दहा ग्रुप मारा. ग्रुप म्हणजे एका कार्डावर पडलेल्या भोकांचा पुंजका. सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा ग्रुप यांत दुपटीचा फरक सहज पडतो. नळी तीच, फक्त नशीब वेगळं. त्यातलं लहान तेवढं कार्ड फोटोत येतं. पाचाच्या जागी दहा मारले की ग्रुप सरासरीने पाव पट मोठा होतो. तीन छर्ऱ्यांवरून दहावर गेलात तर दीड पटीहून जास्त. म्हणून तीनचा किंवा पाचचा ग्रुप दाखवणाऱ्याशी मी वाद घालत नाही, ‘आता दहाचे चार मारू या’ एवढंच म्हणतो.

तुम्ही विचारलंय नळीबद्दल, पण कागदावर नळी दिसत नाही, भोकं दिसतात. त्या भोकांत नळी, छर्रे, हवेचा दाब आणि मारणारा माणूस असे चौघं मिसळलेले असतात. अडचण खरी ती आहे. चौघांना वेगळं केल्याशिवाय नळीला चांगलं म्हणता येत नाही आणि वाईटही म्हणता येत नाही. मी आधी टूलरूममध्ये होतो, नंतर क्लबांच्या रायफली उघडायला लागलो. आणि नळी खराब म्हणून माझ्या टेबलावर आलेल्या रायफलींपैकी बऱ्याच जणींचं दुखणं भलतीकडेच निघालं.

आता नळीने तुमच्या मुलीचं नेमकं किती बिघडतं ते बघू, कारण पैसे किती घालायचे ते त्यावर ठरतं. 10 चा ठिपका अवघा 0.5 मि.मी. व्यासाचा आणि छर्रा 4.5 मि.मी.चा. छर्ऱ्याची कड ठिपक्याला शिवली की 10. म्हणजे छर्ऱ्याचा मध्य केंद्रापासून 2.5 मि.मी.च्या आत हवा, आणि तिथून आत दर पाव मिलिमीटरला एक दशांश वाढत 10.9 पर्यंत. चांगली मॅच रायफल तिला मानवणाऱ्या छर्ऱ्यांनी क्लॅम्पमधून दहांचा ग्रुप साधारण 6 मि.मी.त बसवते, भोकाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत. छर्ऱ्याचे साडेचार वजा केले की मध्य ते मध्य उरतो दीड मिलिमीटर. सुमार नळी 8 मि.मी.चा ग्रुप देते, म्हणजे मध्य ते मध्य साडेतीन. ऐकायला हा फरक भयंकर वाटतो.

पण या चुका सरळ बेरजेने वाढत नाहीत. माणसाचा हलण्याचा पसारा मोठा असला की नळीचा छोटा पसारा त्यात जवळजवळ बुडून जातो. साडेनऊची सरासरी म्हणजे छर्रे केंद्रापासून सरासरी साडेतीन मिलिमीटरवर पडतायत. अशा मुलीच्या हातात 6 ऐवजी 8 मि.मी.ची नळी दिली तर माझ्या हिशेबाने 60 शॉटमध्ये साडेतीन-चार गुण जातील. 570 चे 566 होतील. तीच नळी 10.4 च्या सरासरीने खेळणाऱ्याला दिली तर साडेआठ गुण जातात, 624 चे 615 होतात, आणि त्या पातळीवर साडेआठ गुण म्हणजे फायनलचं दार बंद. म्हणून ज्याच्या-त्याच्या नळीचा हट्ट वेगळा असतो. जिल्हा पातळीवरच्या पोरांचे पालक ऑलिम्पिकवाल्याच्या नळीची चौकशी करतात. 2024 ला पॅरिसमध्ये कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेला पदक मिळालं, त्यानंतर तर फारच. त्याचं पदक 50 मीटरचं, पॉइंट टू टू काडतुसाच्या रायफलीचं, आणि तो खेळ नळी आणि काडतुसाच्या लॉटवर कितीतरी जास्त अवलंबून असतो. इथे ते माप लावू नका.

मग 8 मि.मी.ची नळी चालेल का? गुणांच्या हिशेबाने एखादं वर्ष चालेल. मला भीती वेगळीच वाटते. सुमार नळी सगळेच छर्रे थोडेथोडे वाईट मारत नाही. ती सात छर्रे नीट मारते आणि आठवा कारण नसताना 8.9 ला टाकते. मुलीला वाटतं ट्रिगर झटकला, कोच म्हणतो श्वास चुकला, आणि पुढचा महिना ती नसलेली चूक सुधारत बसते. गुण नंतर भरून निघतात, ही लागलेली सवय निघत नाही.

स्वस्त नळीत नेमकं स्वस्त काय असतं, तेही कळायला हवं. पोलाद महाग नसतं. गोल सळईला लांब भोक पाडायचं, ते रीमरने साफ करायचं, मग आत आटे, म्हणजे रायफलिंग पाडायचं. एअर रायफलीत हे बहुधा कठीण धातूचं एक बटण भोकातून ओढून करतात, आणि बारा आटे सर्रास असतात. बटण ओढलं की पोलादात ताण साठतो. तो भट्टीत नीट काढला नाही आणि नंतर नळी बाहेरून लेथवर उतरवली, तर आतलं भोक जागोजाग किंचित सैल होतं. किंचित म्हणजे शतांश मिलिमीटरात, पण शिशाच्या मऊ छर्ऱ्याला ते कळतं. मग आतून लॅपिंग, म्हणजे बारीक घासून गुळगुळीत करणं, तोंडाशी थोडा चोक, म्हणजे भोक किंचित अरुंद ठेवणं, शेवटी क्राऊन आणि तपासणी. स्वस्तवाला लॅपिंग आणि तपासणी गाळतो. त्यामुळे त्याच्या दहा नळ्यांत दोन-तीन झकास निघतात, हे मी स्वतः पाहिलंय, आणि दोन अगदी टाकाऊ. नावाजलेल्या कंपनीच्या नळीच्या किमतीत तिने बाद करून भंगारात टाकलेल्या नळ्यांची किंमतही धरलेली असते. स्वस्त नळीच्या बाबतीत बाद करायचं काम तुमच्या गळ्यात पडतं, एवढाच फरक. म्हणून तिला नुसतं ‘लोकल’ म्हणून नाकारू नका, आणि एकाची चांगली निघाली म्हणून दुसऱ्याची घेऊही नका.

बघायला जाल तेव्हा सोबत एक भिंग, कान कोरायच्या कापसाच्या दोन-चार काड्या, व्हर्निअर आणि टॉर्च न्या. आधी हवेचा सिलिंडर काढायला लावा, लिव्हर उघडून आत छर्रा नाही ना ते बघा, सुरक्षित दिशेला एकदा रिकामी उडवून राहिलेली हवा घालवा, आणि मगच तोंडाशी डोळा न्या. हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी मला दर वर्षी एकदा तरी ओरडावं लागतं.

पहिली जागा क्राऊन, म्हणजे नळीच्या तोंडाची आतली कड. छर्ऱ्याला शेवटचा स्पर्श तिचा. त्या कडेचा चरा एका बाजूला असला तर छर्ऱ्यामागची हवा त्या बाजूने आधी सुटते आणि छर्रा निघता निघता कलंडतो. कापसाची काडी आत घालून बाहेर ओढताना कडेवरून गोल फिरवा. कापसाचे तंतू एकाच जागी अडकून राहिले तर तिथे बर, म्हणजे धातूची बारीक कूस, आहे. मग भिंगातून बघा. बरेच दिवस वापरलेल्या चांगल्या नळीच्या तोंडावर शिशाची राखाडी नक्षी उमटते, आट्यांच्या जागी पाकळ्या असाव्यात तशी. ती चहूबाजूंनी सारखी हवी. एका बाजूच्या पाकळ्या लांब आणि दुसऱ्या बाजूच्या आखूड दिसल्या तर क्राऊन तिरकी कापलीय. आनंदाची गोष्ट अशी की हा दोष सगळ्यांत स्वस्तात निघतो. लेथवर भोक मध्यात धरून क्राऊन पुन्हा कापणं हे चांगल्या टर्नरचं तासाभराचं काम. तेवढ्यासाठी रायफल सोडू नका, किंमत पाडून घ्या.

दुसरी जागा तोंडापुढची नळकांडी, जिच्यावर पुढचा साइट, म्हणजे नेम धरायचं साधन, बसतो. टॉर्च मारून तिच्या आतल्या भिंती बघा. कुठे शिशाचा ओरखडा किंवा चकाकता डाग दिसला तर छर्रा जाता जाता तिथे घासतोय, म्हणजे नळी तरी वाकडी आहे नाहीतर नळकांडी. अशा रायफलीचा ग्रुप मोजण्यात अर्थ नाही.

तिसरी तपासणी नळी काढल्याशिवाय होत नाही. ती घरी करू नका. तुमच्या रेंजच्या रायफली जो उघडतो त्याला सोबत न्या किंवा सौद्यात तशी अट घाला. नळी सहसा दोन-तीन ग्रब स्क्रूंवर धरलेली असते. ती काढून मागच्या बाजूने एक छर्रा बोटाने बसवायचा आणि प्लास्टिकचा थर असलेल्या सळईने हळूहळू पुढे ढकलायचा. सगळी गंमत हाताला कळते. चांगल्या नळीत सुरुवातीला छर्रा आट्यांत शिरताना घट्ट, मग सगळीकडे एकसारखा, लोण्यातून सुरी जावी तसा, आणि चोक असेल तर शेवटच्या तीन-चार सेंटिमीटरला पुन्हा जरा घट्ट. वाईट नळीत तो मध्येच सुळकन पुढे जातो आणि पुन्हा अडतो. शेवटी सैल होणारी नळी मी सरळ नाकारतो. मध्ये थोडी सैल पण तोंडाशी घट्ट असलेली चालवून घेतो, कारण छर्ऱ्यावर शेवटची पकड तोंडाशीच असते. बाहेर आलेला छर्रा फेकू नका. भिंगाखाली त्याच्या डोक्यावर आणि घेरावर आट्यांचे ठसे मोजा. बारा असतील तर बाराही सारख्या खोलीचे हवेत.

नळी बाहेर आहे तोवर तिचा रिसीव्हरमध्ये, म्हणजे रायफलीच्या धडात, बसणारा भाग मायक्रोमीटरने मोजून घ्या. हे कोणी करत नाही, आणि माझा अनुभव असा की करून घेतलेल्या नळ्यांत सर्वांत जास्त घोळ इथेच असतो. कोल्हापूरकडच्या एका मुलाची रायफल माझ्याकडे आली होती, अशीच नळी बदललेली. ग्रुप सुरेख, सहा-सव्वासहाचे. पण दर वेळी बॅगेतून काढली की झिरो, म्हणजे साइटची केंद्राशी केलेली जुळवणी, हललेला, आज तीन क्लिक डावीकडे तर उद्या दोन खाली. वडिलांनी साइट बदलून पाहिला, मग कोचही बदलून पाहिला. नळी काढली तर आतून अप्रतिम, माझ्याच मनात हाव सुटावी अशी. मागचा, रिसीव्हरमध्ये बसणारा भाग मात्र रिसीव्हरच्या भोकापेक्षा 0.04 मि.मी. बारीक उतरवलेला. ग्रब स्क्रू आवळले की नळी एका बाजूला टेकून बसायची, बॅगेत धक्का लागला की किंचित सरकायची. बेअरिंग पक्की करायला वापरतात तसला गोंद लावून, डायल गेजवर सरळ बघून बसवली, दुसऱ्या दिवसापासून झिरो जागच्या जागी. नळीचा दोष नव्हताच, बसवणाऱ्याचा होता.

आता कार्डावरची परीक्षा. रायफल क्लॅम्पमध्ये धरा, आणि धरताना पकड रिसीव्हरवर हवी, नळीवर मुळीच नको. क्लॅम्प नसेल तर वाळूच्या पिशव्यांवर ठेवून एखाद्या जुन्या, शांत नेमबाजाला मारायला सांगा. स्वतः मारू नका, मुलीला तर मुळीच सांगू नका, तिचं मन त्या रायफलीवर आधीच बसलेलं असणार. नळी नुकती साफ केली असेल तर पहिले वीस-तीस छर्रे मोजणीत धरू नका. आत शिशाचा पातळ थर बसेपर्यंत ती भरकटते. मग दहाचे चार ग्रुप, प्रत्येकाला नवं कार्ड. खरं टार्गेटचं कार्ड वापरा, वहीचा कागद फाटतो आणि मापाला कड सापडत नाही.

आणि एक गोष्ट कधीही सोडू नका: जी चांगली मारते हे ठाऊक आहे अशी एक रायफल सोबत न्या, क्लबचीच चालेल. त्याच डब्यातले, त्याच दिवशी, त्याच क्लॅम्पमधून तिनेही दहाचे दोन ग्रुप मारा. तिचे 6 आणि हिचे 8 आले तर ही वाईट. दोघींचे 8 आले तर डबा वाईट किंवा क्लॅम्प हलतोय, नळीला दोष देऊ नका. ही तुलना नसेल तर नुसत्या आकड्याला काही अर्थ नाही.

छर्ऱ्यांचं थोडं वेगळं सांगायला हवं. मॅचचे छर्रे डोक्याच्या व्यासाप्रमाणे 4.48, 4.49, 4.50 अशा मापांत येतात. रायफलीचे साधारण 0.53 ग्रॅमचे, पिस्तुलाचे त्याहून हलके, 0.45 च्या आसपास. एकाच नळीला 4.49 आवडतो आणि 4.50 आवडत नाही, असं होतं; कारण कधी सापडतं, कधी नाही. म्हणून निदान दोन मापांचे डबे हवेत. एका डब्यावर नळीला नापास करणं हा अन्याय आहे. गाडीच्या डिकीत आपटलेला डबा मात्र आणू नका, मागची पातळ झालर चेपली की चांगली नळीही रडते.

ग्रुपच्या आकाराकडेही बघा, नुसता व्यास मोजून थांबू नका. गोलसर पसरलेला ग्रुप असेल तर संशय नळीवर किंवा छर्ऱ्यांवर. खालीवर लांबट असेल तर आधी हवेकडे जा. 10 मीटरला जाईपर्यंत छर्रा गुरुत्वाने सुमारे 18 मि.मी. खाली येतो. वेग 170 मीटर प्रति सेकंदाच्या आसपास असतो, त्यात 10 मीटरचा फरक पडला तर छर्रा 2 मि.मी. खालीवर जातो, म्हणजे जवळजवळ एक अख्खी रिंग. क्रोनोग्राफवर, म्हणजे वेग मोजायच्या यंत्रावर, दहा शॉटचा वेग 2-3 मीटरच्या आत राहिला पाहिजे. नसेल तर रेग्युलेटर, म्हणजे हवेचा दाब सारखा ठेवणारा भाग, किंवा ब्रीचचा, म्हणजे छर्रा भरायच्या जागेचा, ओ-रिंग (रबरी कडं) गेलाय, आणि ओ-रिंगची किंमत म्हणजे चहा-वड्याचे पैसे. दोन वेगळे गठ्ठे पडत असतील, चार इथे आणि सहा तिथे, तर काहीतरी ढिलं आहे: स्टॉकचे, म्हणजे खांद्याला लावायच्या दस्त्याचे, स्क्रू, साइट, किंवा कोल्हापूरच्या त्या पोरासारखी नळीच.

माझं स्वतःचं माप सांगतो, शास्त्र म्हणून नाही, सवय म्हणून. चार ग्रुपांची सरासरी साडेसहापर्यंत आली तर तेरा वर्षांच्या मुलीसाठी डोळे झाकून घ्या, तीन-चार वर्षं नळीचं नावही काढावं लागणार नाही. सात-साडेसात आली आणि एकही छर्रा उडून बाहेर गेला नाही, तर किंमत उतरवून घ्या. आठच्या वर, किंवा चाळीसांत दोन-तीन विनाकारण भरकटलेले, तर सोडून द्या. किंवा नव्या नळीचा खर्च धरून भाव करा.

दोन गोष्टी मात्र नळीहून आधी बघा, कारण त्यांनी सौदाच फिरू शकतो. सिलिंडरवर तारीख कोरलेली असते. मुदत उलटलेला सिलिंडर 200 बारला भरणं धोक्याचं, आणि स्पर्धेत मुदतीची जबाबदारी खेळाडूवर असते. नवा सिलिंडर घ्यायचा तर ते पैसे किमतीतून वजा व्हायला हवेत. आणि स्टॉक तिच्या अंगाला बसतो का. रायफल तिच्याजवळ द्या, गालपट्टी आणि बट जितकी सरकतात तितकी आत घ्या, आणि तिला डोळे मिटून पोझिशन घ्यायला सांगा. डोळे उघडल्यावर साइटमधून बघायला मान लांबवावी लागत असेल तर जगातली सगळ्यात चांगली नळीही तिच्या कामाची नाही. साडेनऊच्या मुलीला स्टॉकने मिळणारे गुण नळीच्या चार गुणांपेक्षा जास्त असतात.

विकणाऱ्याला फोन करून त्याच्याकडे रविवारचे दोन तास मागा, आणि रायफल रेंजवर आणायला सांगा. ‘कार्ड पाठवलंय की’ असं म्हणत टाळाटाळ करू लागला तर उत्तर तिथेच मिळालं. कबूल झाला तर छर्ऱ्यांचे डबे तुमचे तुम्ही न्या, सील न फोडलेले.